‘शिक्षक घटनास्थळी नव्हते’

लिहिली ओमप्रकाशनं, गुरुजी. मी फक्त नीट केली. — एवढं पहिले समजून घ्या, मग तुम्हाले काय बोलायचं ते बोला. बातमी आली ती कन्हानच्या आमच्या वार्ताहराकडून. सायकल दुकानवाला ओमप्रकाश, तुम्ही ओळखत असाल त्याले. बसच्या कंडक्टरजवळ बंद लिफाफा, दर खेपेसारखा. मी इथं टेबलावर बसतो, उपसंपादक — म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं छापण्यासारखं करायचं, एवढंच माझं काम... बसा ना जी. दारात काहून उभे? ती खुर्ची ओढा इकडे. — गोविंदा, दोन चहा सांग गा, अन् दार लोटून जा, खाली मशीन सुरू झाली का काही ऐकू नाही येत! — तुम्ही नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं तुम्हाले. गिरिधर गुरुजी. कसं ओळखलं? मंगळवारचा पेपर आहे तुमच्या हातात, आतलं पान वर करून घडी घातलेला. आज शनिवार. मंगळवारचा पेपर शनिवारी कोण घेऊन फिरते, बाप्पा? ज्याचं त्यात काही आहे तोच.

आता ओमप्रकाश कसा लिहिते ते सांगतो, म्हणजे तुम्हाले समजेल मले काय करा लागते. माणूस चांगला आहे, पण त्याले सुरुवात कुठं करायची ते समजत नाही. सगळं एकाच दमात. कागद रद्दीत गेला त्याचा, पण मले पाठ आहे, म्हणून दाखवतो — ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या शाळेचे वनभोजन नदीकाठी मोठ्या उत्साहात पार पडत असता, गावच्या प्रतिष्ठित कास्तकारांनी तांदूळ दिला होता, हवा छान होती, जेवणे आटोपल्यावर काही मुली ताटे घासावयास पाण्याजवळ गेल्या, त्या ठिकाणी रेतीच्या ट्रकवाल्यांनी खोदून ठेवलेल्या खड्ड्यात...’ पाहा. पोरगी बुडाली आहे, अन् याचा तांदूळ चालू आहे! वाचणारा चहाच्या टपरीवर उभा राहून पेपर पाहते, गुरुजी. त्याले तांदूळ कोणी दिला ते नाही पाहिजे. काय झालं ते पाहिजे. तेही पहिल्या वाक्यात.

तुम्ही मास्तर माणूस, तुम्हाले मी काय सांगू. तुम्हीही पोट्ट्यांले हेच शिकवत असाल — एका परिच्छेदात एकच गोष्ट. ती पहिल्या वाक्यात सांगून टाकायची. मग दुसरं वाक्य पहिल्याच्या बोटाले धरून आलं पाहिजे, तिसरं दुसऱ्याच्या. जे वाक्य कोणाचंच बोट धरत नाही ते काढायचं, कितीही चांगलं असो. ‘अन्’, ‘तेव्हा’, ‘त्यामुळे’ — हे न लिहिताही वाचणाऱ्याले दिसले पाहिजे. वीस वर्षं मी हेच करून राहिलो. माझ्या हातून गेलेला परिच्छेद कोणाले दुसऱ्यांदा वाचा लागत नाही. हे मी घमंडीनं नाही सांगून राहिलो... बरं, थोडी घमंड आहे. असू द्या. माणसाले एखादी गोष्ट येते, तं तेवढी घमंड राहतेच.

तं त्याच्या कागदातून मी काय काढलं? तांदूळ काढला. हवा काढली. सरपंचाचं नाव काढलं, अध्यक्ष काढले. राहिलं काय? एक पोरगी बुडाली. कुठं बुडाली, कशी बुडाली, तिथं कोण होतं. — घ्या, तुमच्याच हातात आहे, वाचा. नाही वाचत? बरं, मी वाचतो. ‘कन्हान, सोमवार — रविवारी नदीकाठी वनभोजनास गेलेल्या शाळेतील एक विद्यार्थिनी रेतीच्या खड्ड्यात बुडून मरण पावली. दुर्घटना घडली तेव्हा शिक्षक घटनास्थळी नव्हते. ग्रामस्थांत तीव्र संताप आहे.’ झालं. तीन वाक्यं. यात खोटं कोणतं आहे ते दाखवा मले. पोरगी मरण पावली, खरं आहे. तुम्ही त्या घडीले तिथं नव्हते, तेही... मी तुम्हाले दुखवायले नाही म्हणून राहिलो, गुरुजी. ओमप्रकाशच्याच कागदात होतं, ‘शिक्षक त्यावेळी तेथे नव्हते’ — त्याचेच शब्द.

हाव, पुढं होतं. पुढं होतं ना. ‘कारण की दोन मुलींना त्यांनी स्वतः पाण्यात उतरून बाहेर काढले, व तिसरी खोल गेल्याने, व त्यांना पोहता येत नसल्याने, ते दोर व डोंगा आणावयास मासेमार ढिवरांच्या वस्तीकडे धावत गेले होते.’ होतं पुढं. मी नाही म्हणत नाही. पण ते कुठं होतं? पार शेवटी! शोकसभेच्याही नंतर. अन् त्या दिवशी झालं काय, आतल्या पानावर ऐन वेळेले एक जाहिरात आली. आमचे फोरमन गणपतराव, खाली छपाईचे खिळे जुळवून घेते ते, ते जिन्यातूनच ओरडले — चार ओळी जास्त होऊन राहिल्या, कापा! आता ओळी कापायच्या तं कुठून कापते माणूस? खालून. सगळ्या दुनियेत पेपरवाले खालून कापते. म्हणूनच तं मोठी गोष्ट वर लिहायची असते. ओमप्रकाशनं ते दोन पोरी काढल्याचं वर लिहिलं असतं, तं कापलं गेलंच नसतं. होय का नाही? चूक त्याची आहे. बातमी रचायचीच चूक.

...तुम्ही असे पाहू नका माझ्याकडे.

बरं. जाहिरात आली तेव्हा परिच्छेद झालेला होता माझा. म्हणजे, हे वाक्य त्याच्या आधीच काढलं होतं मी. ओळी मोजायच्या आधी. गणपतरावनं कापायले लावल्या त्या शोकसभेच्या ओळी होत्या, अन् दुसऱ्या काही. पण तेही सांगतो काहून काढलं, ऐका. मी ते वाक्य खालून उचलून वर आणून पाहिलं होतं! लिहूनही पाहिलं — ‘शिक्षकांनी दोन मुलींना वाचविले, तिसरी बुडाली.’ अन् वाचून पाहिलं. नाही बसलं. त्यात दोन गोष्टी होऊन राहिल्या होत्या. वाचणाऱ्यानं काय समजायचं — शाबासकी द्यायची का हळहळ करायची? मास्तरनं वाचवल्याची बातमी आहे का बुडाल्याची? परिच्छेद दोन्हीकडे ओढल्या जात होता. अन् ‘शिक्षक घटनास्थळी नव्हते’ — हे कसं बसलं! एकदम. पहिल्या वाक्याच्या पाठीले पाठ लावून. पोरगी बुडाली, मास्तर नव्हते. कोणाले काही विचारा लागत नाही. मी ते लिहिलं अन् मले बरं वाटलं, गुरुजी. आता सांगतो आहे ना मी खरं — बरं वाटलं. हातातलं काम जमलं का जसं वाटते तसं.

चहा घ्या. थंडा होऊन राहिला.

अन् त्या तिसऱ्या वाक्याचं विचारसान तं... नाही, तुम्ही विचारलं नाही, पण विचारसान. ओमप्रकाशनं लिहिलं होतं, ‘गावात सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे.’ हळहळ. मी संताप केला. मी केला, हाव. आता हे तुम्हाले कोणी सांगितलं नसतं, मीच सांगून राहिलो. काहून केला? तुम्ही पाहा ना — ‘शिक्षक घटनास्थळी नव्हते. ग्रामस्थांत हळहळ आहे.’ बसते का? नाही बसत. मास्तर नव्हते म्हटल्यावर गाव हळहळ कशी करेल? चिडेल. दुसऱ्या वाक्यानं तिसरं मागून घेतलं. मी फक्त दिलं. तसंच असते ते, एक वाक्य आपण लिहितो, मग ते आपल्याकडून पुढचं लिहून घेते. मी काही तुमच्याविरुद्ध नव्हतो. मी तुम्हाले पाहिलंही नव्हतं. ‘शिक्षक’ म्हणजे मले एक शब्द होता, बावा. त्याले अशी वाढलेली दाढी नव्हती, पायात ही चप्पल नव्हती.

ओमप्रकाश आला होता काल सकाळी. याच खुर्चीवर बसला. बसला कसला, उभ्यानंच ओरडला माझ्यावर — नानाजी, तुम्ही हे काय करून ठेवलं? त्यानं सगळं सांगितलं. गुरुवारी तुम्हाले घरी बसायचा हुकूम आला, अन् हुकमाले आमच्या बातमीचं कात्रण टाचलेलं. तुमच्या वरच्या साहेबानं गावात येऊन एकालेही विचारलं नाही म्हणे. कशाले विचारेल? तीन वाक्यांत सगळं समजलं त्याले. मी तसं लिहिलंच होतं, का कोणाले विचारा लागू नये. अन् मग त्याच संध्याकाळी तुमच्या घरावर गोटे आले. मी लिहिलं तेव्हा गावात संताप नव्हता, गुरुजी. मंगळवारी पेपर गेला, अन् गुरुवारी संताप आला. — तुमच्या घरातल्यांले लागलं का? नाही ना? ओमप्रकाश म्हणे, कौलं फुटले. फक्त कौलं? ... बरं. बरं.

पण मले झोंबलं ते दुसरंच. त्यानं नत्थूजीचं सांगितलं. पोरीच्या बापाचं. नत्थूजीचं वावर नदीले लागून, तो त्या दिवशी वावरातच होता. त्यानं स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं होतं तुम्हाले — ओल्या धोतरानं, ठेचकाळत, वस्तीकडे पळत जाताना, डोंगेवाल्याले ‘रुपराव, डोंगा काढ, रुपराव, डोंगा काढ’ ओरडताना. तोच सांगत होता सगळ्यांले, दोन दिवस — गुरुजीनं लय केलं, माझ्या पोरीचं नशीब नव्हतं. अन् मंगळवारी कोणीतरी त्याले पेपर वाचून दाखवला. मग म्हणे, ‘छापून आलं म्हणजे मीच चुकीचं पाहिलं असेल. पळून तं जात नव्हते ना ते?’ — ज्यानं डोळ्यानं पाहिलं, त्यानं! माझ्या तीन वाक्यांनी त्याच्या डोळ्यातलं पुसून काढलं. ओमप्रकाश हे सांगत होता, अन् मले... इथं, या भिंतीवर, पाहा, ते टाचणीचं भोक दिसते? त्या बातमीचं कात्रण मंगळवारी लागलं होतं इथं. आमच्या संपादकसाहेबानं लाल पेन्सिलीनं चौकट करून लावलं होतं, नवीन पोट्ट्यांसाठी. ‘परिच्छेद असा पाहिजे.’ मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. मी तिथंच बसलो होतो, मान खाली घालून, लाजल्यासारखा. घरी जाऊन बायकोलेही सांगितलं. ओमप्रकाश गेल्यावर काढलं मी ते. कोणी नाही असं पाहून काढलं.

पण तुम्ही आले ते बरं झालं. खरंच. मी आज तुमच्याकडे येणारच होतो... नाही, येणार नव्हतो. येईन-येईन म्हणत होतो मनात, अन् इथंच बसून राहिलो. पण दुरुस्ती छापायची हे मी कालच बोललो संपादकसाहेबासंग. ते म्हणे, छापा दोन ओळी, आत, कोपऱ्यात, अन् चूक झाली असं म्हणायचं नाही. कसं म्हणायचं मग? ‘खुलासा’ म्हणायचं म्हणे. कालपासून लिहून राहिलो मी. पाहा किती कागद फाडले. मी! ‘आमच्या मंगळवारच्या अंकातील वृत्तात अनवधानाने’ — फाडलं. अनवधान कुठं होतं? चांगलं ध्यान देऊन केलं होतं मी. ‘काही ओळी गाळल्या गेल्यामुळे’ — गाळल्या गेल्या म्हणे! आपोआप गळल्या का त्या? फाडलं. पहिलंच वाक्य येऊन नाही राहिलं. वीस वर्षांत असं झालं नाही. पहिल्या वाक्यात मोठी गोष्ट सांगायची, अन् इथं मोठी गोष्ट म्हणजे मी, अन् मले तं कुठंच येऊ द्यायचं नाही.

आता तुम्ही समोर आहे तं लिहितो. थांबा. ऐका हं. ‘कन्हान येथील दुर्घटनेत शिक्षक श्री. गिरिधर यांनी स्वतः पाण्यात उतरून दोन मुलींचे प्राण वाचविले, आणि तिसरीसाठी मदत आणण्यास ते...’ — काहून मान हलवून राहिले? चुकलं काही? दोनच होत्या ना? मग? लहान झालं का? वर टाकतो, पहिल्या पानावर टाकतो, साहेब काय करते ते पाहून घेईन मी. तेही नाही? मग काय पाहिजे तुम्हाले, गुरुजी? बोला ना. तुम्ही आल्यापासून एक शब्द बोलले नाही, मीच बडबड करून राहिलो. शिव्या द्या. त्या पेपरात कशावर बोट ठेवून राहिले? ... ‘एक विद्यार्थिनी.’ हाव. मग? बुडाली तीच ना ती?

...कोण? रंभाबाई? पोरीची माय. काय म्हणे ती?

पेपर हातात घेऊन... तिले वाचता येत नाही. मग? ‘माझ्या पोरीचं नाव कुठं आहे ते दाखवा, बोट ठेवा त्याच्यावर.’ ... अन् कोणालेच दाखवता नाही आलं. कसं येईल? नाही छापलं आपण. चार ओळींत गेलं ते, शोकसभेच्या संग. गणपतराव ओरडले तेव्हा. हाव, त्या ओळीत तिचं नाव होतं, तिच्या बापाचं नाव होतं, कोणत्या वर्गात होती ते होतं. मले वाटलं, नाव नसलं तं काय फरक पडते वाचणाऱ्याले? टपरीवरच्या माणसाले एक विद्यार्थिनी पुरते. — म्हणजे तुम्ही याच्यासाठी आले? एवढ्या दूर, घरी फुटलेले कौलं तसेच ठेवून? तुमच्यासाठी नाही?

काय नाव होतं, गुरुजी, तिचं? ... मी आत्ता म्हटलं ना तुम्हाले सगळा कागद पाठ आहे म्हणून. तांदूळ पाठ आहे, हवा पाठ आहे. तिचं नाव नाही येऊन राहिलं. दोन वेळा वाचलं होतं मी. सांगा.

जयवंता. — जयवंता नत्थूजी... आडनाव? बरं. सहावीत. थांबा, लिहू द्या. हे पाहा, हे आलं पहिलं वाक्य. ‘जयवंता’ — तिथूनच सुरू. पुढं सांगा, काय छापायचं तिच्याबद्दल? हुशार होती? नाही? बरं, नव्हती. गणितात कच्ची. पुढं? ... सगळ्यांची ताटं तीच घासत होती. कोणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनानं. बाकीच्या पोट्ट्या पाण्यात खेळायले गेल्या अन् हिची ताटं राहिली होती, अन् एक ताट वाहून जाऊन राहिलं म्हणून ही धरायले गेली. ताट शाळेचं होतं? तिच्या घरचं नाही? शाळेचं. ...अन् तिले दम लागायचा, म्हणून तुम्ही तिले धावायच्या खेळात घेत नव्हते. सांगा, मी लिहून राहिलो. नाही, कापत नाही काही. एकही ओळ नाही कापत. गोविंदा! गणपतरावले जाऊन सांग, आतल्या पानावर जागा ठेवा म्हणा, जाहिरात मागं गेली तरी चालेल, मी येऊन भांडतो म्हणा!

झालं. हे तिचं झालं. आता खाली तुमचं एक वाक्य टाकतो. एकच. दोराचं. — नको काहून? तुमची नोकरी गेली, गुरुजी! तुमच्या साहेबाले हेच कात्रण पाठवतो मी, मी स्वतः जातो त्याच्याकडे, म्हणतो हे मी केलं, हा माझा हात. नत्थूजीलेही सांगतो, तू बरोबर पाहिलं होतं म्हणून. एका वाक्यानं तुमचं काय... काय म्हटलं?

पुन्हा म्हणा. मशीनच्या आवाजात नाही ऐकू आलं.

...‘खरंच लिहिलं तुम्ही. ती बुडाली तेव्हा मी नव्हतोच तिथं.’

नाही. नाही, गुरुजी, असं नका म्हणू. तुम्ही गेले होते, तुम्ही धावले होते, तिच्यासाठीच धावले होते — अन् घाटावर थांबून काय केलं असतं? तुम्हाले पोहता येत नाही! डोळ्यासमोर बुडताना पाहिली असती, बस. ‘निदान मी दिसलो तं असतो तिले’ — हे तुम्ही... हे तुम्हाले रविवारीच वाटलं होतं का मंगळवारी? खरं सांगा. पेपर वाचायच्या आधी वाटलं होतं, का नंतर? ... नाही माहीत. तुम्हालेही नाही माहीत आता. ते वाक्य माझं आहे, गुरुजी. मी तयार केलं ते, इथं बसून, या पेनानं, ते तुमचं नाही. तुम्ही नका घेऊ ते. मले परत द्या.

देत नाही तुम्ही.

चहा तसाच राहिला. राहू द्या. तुम्ही जा आता. रागानं नाही म्हणून राहिलो — तुम्ही असे समोर बसले तं मले लिहिता नाही येत, अन् गणपतराव थांबून राहिले खाली. तिचं नाव उद्या येईल. वर, ठळक, रंभाबाईले बोट ठेवता येईल असं. तुमचं वाक्यही येईल, तुम्ही नको म्हटलं तरी. तिच्या परिच्छेदात नाही टाकत. वेगळा करतो. जा, गुरुजी. जिना अंधारा आहे, कठड्याले धरून उतरा. — जा म्हणतो ना!